जुळणी आणि जुळवणारा

काही रेणू योग्य द्रावणात, योग्य तापमानाला आपापसांत जुळतात आणि ठरावीक मापाची, ठरावीक आकाराची रचना उभी करतात. एकेक तुकडा उचलून जागेवर बसवणारे तिथे कोणी नसते. रसायनशास्त्रात याला स्वयंजुळणी म्हणता येईल. साबणाच्या पाण्यात तयार होणारे रेणूंचे सूक्ष्म गोळे, पेशीभोवतीचा मेदाचा दुपदरी पापुद्रा, विषाणूंची कवचे ही तिची नेहमीची उदाहरणे. या रचनांची मापे नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजतात. त्यांतल्या काही रचना विशिष्ट प्रथिन समोर आले की उघडतात, विस्कटतात किंवा वाढायच्या थांबतात. जड वस्तू आपण होऊन आकार घेते आणि समोर कोण आहे हे जणू ओळखून वागते, हे एकदा मान्य केले की भारतीय दर्शनांतला एक जुना वाद पुन्हा उभा राहतो. अचेतनाला चेतन कर्त्यावाचून रचना साधते का? नागपुरात हा वाद ग्रंथांपुरता राहत नाही. विदर्भातल्या हजारो घरांत अशीच एक स्वयंजुळणी माणसांच्या रक्तात चालते, आणि तिच्यामुळे होणाऱ्या दुखण्याचा अर्थ काय लावायचा, हा तिथे धर्माचा प्रश्न होऊन बसतो.

आधी जुळणी कशी होते ते पाहावे लागते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते, दुसरे पाण्याला टाळते. असे पुष्कळ रेणू पाण्यात आले की पाणी टाळणारी टोके आत वळतात, पाण्यात रमणारी बाहेर राहतात, आणि गोळा तयार होतो. पाणी टाळणाऱ्या भागाभोवती पाण्याच्या रेणूंना शिस्तीत उभे राहावे लागत होते. टोके आत दडताच ते मोकळे होतात. गोळ्यात व्यवस्था वाढते, पण भोवतालच्या पाण्यात तिच्याहून जास्त अव्यवस्था वाढते, आणि एकूण हिशेब उष्मागतिकीच्या नियमात बसतो. 'विज्ञानच सांगते की सुव्यवस्था आपोआप येत नाही, म्हणून ईश्वर आहे' असा युक्तिवाद प्रवचनांतून अनेकदा ऐकू येतो. तो या एका गोळ्यापाशीच थांबतो. ईश्वराची बाजू मांडायची तर त्याहून चांगले युक्तिवाद उपलब्ध आहेत, आणि ते पुढे येतील.

१९५५ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे हाइन्झ फ्रँकेल-कोनराट आणि रॉब्ली विल्यम्स यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणू घेऊन त्याचे दोन भाग केले. एका नळीत प्रथिन, दुसऱ्या नळीत आरएनए. एकट्या प्रथिनाने पानावर काहीच होत नव्हते. दोन्ही पुन्हा एकत्र केल्यावर नळीत मूळच्यासारख्या काड्या तयार झाल्या: सुमारे ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड, प्रत्येकीत प्रथिनाचे सुमारे २१३० एकसारखे तुकडे मळसूत्रासारखे बसलेले. या काड्या पानावर लावल्या तेव्हा रोग झाला. ज्याला सजीवाच्या उंबरठ्यावरची वस्तू म्हणतात ती मोडून, निर्जीव चूर्णासारखी ठेवून, पुन्हा उभी करता आली, आणि उभी करताना माणसाने केले ते एवढेच की दोन नळ्यांतला माल एकत्र ओतला.

यानंतरच्या पिढीतील रसायनशास्त्रज्ञांनी अशा रचनांना प्रतिसाद देणे शिकवले. जपानमधील क्योटो विद्यापीठात इतारू हामाची यांच्या गटाने २००९ मध्ये असे रेणू प्रसिद्ध केले की ज्यांच्या एका टोकाला विशिष्ट प्रथिनाला चिकटणारा भाग आहे आणि दुसऱ्या टोकाला पाणी टाळणारा, फ्लोरिनयुक्त भाग. हे रेणू पाण्यात गोळा होऊन राहतात, आणि गोळ्यात असेपर्यंत फ्लोरिनचा चुंबकीय संकेत मिळत नाही. ठरलेले प्रथिन आले की रेणू गोळा सोडून त्याला चिकटतात, गोळा विस्कटतो आणि संकेत उमटतो. कार्बोनिक ॲनहायड्रेज हे अशा प्रथिनांपैकी एक. ते आपल्या तांबड्या रक्तपेशींतही असते. २०१२ मध्ये हार्वर्डमधील शॉन डग्लस, इडो बॅशलेट आणि जॉर्ज चर्च यांनी डीएनएच्या घड्यांपासून साधारण ३५ नॅनोमीटर रुंद आणि ४५ नॅनोमीटर लांब असे षटकोनी पिंप बनवले. त्याच्या दोन अर्ध्या भागांना दोन कुलुपे होती. कुलूप म्हणजे डीएनएचा असा धागा की जो एरवी आपल्या जोडधाग्याला धरून असतो, पण ठरलेले प्रथिन भेटले की जोडधागा सोडून त्या प्रथिनाला धरतो. दोन्ही कुलुपांच्या किल्ल्या एकाच पेशीवर सापडल्या तरच पिंप उघडायचे आणि आतले औषधी प्रतिपिंड बाहेर यायचे. २०१८ मध्ये चीन आणि अमेरिकेतील संशोधकांनी याच धर्तीची, न्यूक्लिओलिन या प्रथिनाला उघडणारी डीएनएची नळी उंदरांमधील गाठींवर वापरली. गाठीच्या रक्तवाहिनीत ती उघडून आतले थ्रॉम्बिन सोडायची आणि तिथेच रक्त गोठवायची. महाराष्ट्रातही पुण्याच्या आयसर संस्थेत प्रथिनांना पाणी टाळणारी शेपटी जोडून त्यांच्या ठरावीक मापाच्या जुळण्या घडवण्याचे काम झाले आहे.

आता जुना वाद. वैशेषिक दर्शनाने जग परमाणूंचे मानले: दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि त्र्यणुक म्हणजे कवडशात तरंगणारा, डोळ्यांना दिसणारा सर्वांत लहान कण. पण परमाणू जड आहेत; सृष्टीच्या आरंभी पहिली हालचाल त्यांत कशी आली? कणादांच्या सूत्रांत याचे उत्तर 'अदृष्ट' असे आहे. जीवांनी केलेल्या धर्म-अधर्माचा जो न दिसणारा साठा, त्यानेच परमाणू हलतात. प्रशस्तपादांनी त्याला महेश्वराच्या इच्छेची जोड दिली. दहाव्या शतकाच्या अखेरीस मिथिलेच्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वरसिद्धीची जी अनुमाने मांडली, त्यांतले एक थेट जुळणीवरच उभे आहे. त्याला ते 'आयोजन' म्हणतात: परमाणूंचा संयोग घडवणारी हालचाल हे कर्म आहे, जडाचे कर्म चेतनाच्या प्रयत्नावाचून होत नाही, तेव्हा सृष्टीच्या आरंभी परमाणू जोडणारा कोणी चेतन मानला पाहिजे. स्वयंजुळणीवर आक्षेप घ्यायचा तर आजही याहून नेमका आक्षेप सापडणार नाही.

शंकराचार्यांनी हाच प्रश्न बौद्धांना विचारला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादावरच्या भाष्यात ते म्हणतात त्याचा मथितार्थ असा: बाहेर परमाणूंचा समुदाय, आत स्कंधांचा, म्हणजे देह-मनाच्या घटकांचा समुदाय, हे दोन्ही बौद्ध मानतात, पण समुदाय करणारा स्थिर चेतन मात्र मानत नाहीत, मग समुदाय होतो कसा? अविद्या, संस्कार इत्यादी एकमेकांना कारण होतात, हे बौद्धांचे उत्तरही त्यांना पुरेसे वाटत नाही. एकातून दुसरे उपजते एवढे त्याने कळते, पण पुष्कळ तुकडे एकत्र येऊन एक रचना का होते हे कळत नाही, असा त्यांचा रोख आहे. उत्पत्ती आणि जुळणी यांत त्यांनी केलेला हा भेद आजच्या रसायनशास्त्रालाही मान्य आहे. प्रथिनाचा एक तुकडा पेशीत कसा तयार होतो, हे एक शास्त्र. असे २१३० तुकडे काडीत कसे बसतात, हे दुसरे.

कर्त्यावाचून जुळणी मानणारेही भारतात थोडे नव्हते. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात परमाणू आपल्या स्निग्ध आणि रूक्ष गुणांनी बांधले जातात, आणि कोणत्या प्रमाणात हे गुण असले तर बंध होतो व कधी होत नाही, याचेही नियम दिले आहेत. जोडणारा कोणी नाही. जोडले जाण्याची अट तुकड्यांतच आहे. सांख्यांनी वासराच्या पोषणासाठी अचेतन दूध वाहते तशी प्रकृती पुरुषासाठी प्रवृत्त होते असे म्हटले. शंकराचार्यांनी त्यावर गाईला वासराची माया असते म्हणून दूध येते, असे उत्तर दिले आणि चेतना पुन्हा मागल्या दाराने आत आणली. सातव्या शतकात बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी वेगळ्याच जागी बोट ठेवले. घट विशिष्ट आकाराचा आहे म्हणून कुंभाराने केला, हे ठीक. कारण कुंभार आणि घट यांचा संबंध पाहिलेला आहे. पण वारूळही मातीचे आणि आकाराचे आहे, म्हणून तेही कुंभाराने केले असे कोणी म्हणेल का? 'रचना' हा शब्द दोन्हीकडे लागतो, एवढ्यावरून कर्ता सारखाच ठरत नाही.

नागार्जुनांचा प्रश्न याहून खोल जातो. तिबेटी परंपरा त्यांना विदर्भातल्या ब्राह्मण कुळातले मानते, आणि नागपूरपासून जवळच्या रामटेक परिसरात एक टेकडी त्यांच्या नावाने ओळखली जाते. इतिहासकारांत मात्र यावर एकमत नाही. त्यांच्या मूलमध्यमककारिकेतील विसावे प्रकरण 'सामग्रीपरीक्षा' म्हणून ओळखले जाते. कारणे आणि प्रत्यय एकत्र आले की कार्य होते, असे सगळेच म्हणतात. ते कार्य त्या सामग्रीत आधीच होते का? असेल तर आधी दिसायला हवे होते. नसेल तर कारणे आणि अकारणे यांत फरक काय राहिला? विषाणूची काडी या कात्रीत आणून ठेवली की प्रश्न कोरडा राहत नाही. प्रथिनाच्या एका तुकड्यात काडी नाही. आरएनएच्या धाग्यात काडी नाही. नळीतल्या आम्लतेतही नाही. तरीही तिन्ही जमली की दर वेळी तीच काडी, त्याच जाडीची. काडीला स्वतःचा असा स्वभाव नाही, ती सर्वस्वी इतरांवर टेकून उभी आहे, असा नागार्जुनांचा निष्कर्ष. तो जुळवणाऱ्याला बाहेर काढतो, पण त्याच दमात जुळलेल्या वस्तूचे स्वतंत्र अस्तित्वही काढून घेतो. निरीश्वरवादी मंडळींना याचा पहिला भाग आवडतो आणि दुसरा सोयीने विसरला जातो.

नैयायिकांकडे, म्हणजे उदयनाचार्यांच्या न्यायदर्शनाकडे, प्रयोगशाळेला द्यायचे एक चोख उत्तर आहे. बीजातून अंकुर कर्त्यावाचून येतो असे दाखवले, तर ते म्हणतात की अंकुर हा वादातलाच विषय आहे. त्याला कर्ता नाही हे तुम्ही गृहीत धरत आहात, दाखवत नाही. हेच उत्तर काडीला आणि डीएनएच्या पिंपाला लागू होते. नळीत कोणी दिसला नाही म्हणजे नव्हता, असे होत नाही. इथे न्यायशास्त्राचीच दुसरी कसोटी उपयोगी पडते. कारण ठरवताना ते अन्वय आणि व्यतिरेक पाहतात: जे असताना कार्य होते आणि नसताना होत नाही, ते कारण. त्यातही जे नुसतेच बरोबर असते, ज्याच्यावाचून काही अडत नाही, त्याला ते 'अन्यथासिद्ध' म्हणून वगळतात. घटासाठी माती वाहून आणणारे गाढव आणि कुंभाराचा बाप ही त्यांचीच उदाहरणे. स्वयंजुळणीत आम्लता बदलली की काडी होत नाही, क्षार बदलले की होत नाही, प्रथिनातला एक दुवा बदलला की होत नाही किंवा वेगळीच होते. जे जे बदलून पाहता येते त्यांतच कार्य संपूर्ण विभागले जाते. जोडणाऱ्या चेतनाच्या प्रयत्नाला करण्यासारखे काही उरत नाही. जुळणीच्या पातळीवर तो नैयायिकांच्याच भाषेत अन्यथासिद्ध ठरतो. 'आयोजन' हे अनुमान इथे पडते, असे म्हणायला हरकत नाही.

पण एवढेच पडते. डीएनएच्या पिंपाला जुळवणारा नव्हता, तरी योजणारा होता. कोणता धागा कोणत्या क्रमाने लिहायचा हे संगणकावर माणसांनी ठरवले होते. कर्ता जुळणीतून निघून तुकड्यांच्या योजनेत गेला. आस्तिक म्हणेल की निसर्गातले तुकडे आणि त्यांचे नियम असे असणे, हीच त्याची योजना. या म्हणण्याला नळीतून उत्तर मिळत नाही. योजना मानायची तर योजलेल्या वस्तूंचा हिशेबही द्यावा लागतो, आणि तो सिकलसेल या रक्ताच्या आजारापाशी फार जड जातो. त्याआधी दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाकडे, म्हणजे 'ओळखण्या'कडे पाहणे आवश्यक आहे.

पिंपाने पेशी ओळखली असे लिहिण्याचा प्रघात आहे. घडते ते असे: कुलपाचा धागा जोडधाग्यापेक्षा प्रथिनाला अधिक घट्ट बसतो, कारण आकार आणि विद्युतभार तसे जमतात. न्यायमताने ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे; चार्वाकांच्या मते चार भूतांच्या मेळातून, किण्वातून मद्यशक्ती यावी तशी, चेतना येते. पिंपापुरते हे दोन्ही पक्ष बाजूला ठेवून एक साधी परीक्षा घेता येते. ज्याला ज्ञान होते त्याला भ्रमही होऊ शकतो. दोरीवर साप दिसतो तो पाहणाऱ्याला. कुलपाचा धागा एखाद्या साधर्म्य असलेल्या भलत्याच प्रथिनाला बसला, तर चूक कोणाची? धाग्याच्या दृष्टीने काहीच चुकले नाही. जिथे घट्ट बसते तिथे तो बसला. चुकले ते औषध दुसरीकडे पोचवू पाहणाऱ्याचे. चूक ही हेतूच्या तुलनेत असते, आणि हेतू रेणूत नाही. मग दोषही रेणूत नाही, आणि पुण्यही नाही.

आता नागपूर. हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशीतले प्राणवायू वाहणारे प्रथिन. त्याच्या चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये त्यांतले सहावे बदलते: पाण्यात रमणाऱ्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी पाणी टाळणारे व्हॅलिन येते. डीएनएमध्ये त्यासाठी एकच अक्षर बदललेले असते. प्राणवायू सुटला की हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते. व्हॅलिन त्या खाचेत बसते. एकामागून एक रेणू असे बसत जातात आणि चौदा पदरांचा, सुमारे २१ नॅनोमीटर जाडीचा धागा वाढतो. अशा धाग्यांच्या जुड्यांनी पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. प्राणवायू मिळाला की धागे विरघळतात. जुळणी सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, आणि पेशीतले हिमोग्लोबिन जरा दाट झाले की तो वेळ कित्येक पटींनी घटतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या नागपुरात डॉक्टर रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगतात ते याचसाठी.

विशिष्ट प्रथिनाला प्रतिसाद देणारी रचना म्हणूनही हे उदाहरण चपखल आहे. गर्भातल्या बाळाच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. या हिमोग्लोबिनचे रेणू पेशीत पुरेसे असले की धागा वाढत नाही, कारण ते जुळणीत नीट बसत नाहीत. म्हणून सिकलसेल असलेल्या बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. कळांचे प्रमाण त्याने घटते, हे अमेरिकेतील चाचणीने १९९५ मध्ये दाखवले.

या नॅनोमीटरच्या धाग्यांचे अस्तित्व विदर्भात शाळेच्या व्हरांड्यात नुसत्या डोळ्यांनी पाहिले जाते. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये बोटातून घेतलेले थेंबभर रक्त एका नळीत टाकतात. नळीतल्या द्रावणात पेशी फुटतात आणि सोडियम डायथायोनाइट प्राणवायू काढून घेते. नळीमागे काळ्या रेघा आखलेला कागद धरतात. काही मिनिटांनी रेघा स्पष्ट दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा पुसट झाल्या तर आहे. गढूळपणा म्हणजेच ती जुळणी. एवढ्यावरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे मात्र कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावे लागते.

सिकल पेशी पहिल्यांदा १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी नोंदवल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. भारतात पहिल्या नोंदी १९५२ च्या, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. विदर्भात गोंड, परधान, माडिया या आदिवासी जमातींत, पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात, आणि इतरही काही जातींत हा आजार आढळतो. वाहकाला हिवतापापासून काही संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवले. हिवतापाच्या प्रदेशात हे बदललेले अक्षर टिकून राहिले ते त्यामुळे. म्हणजे एकाला हिवतापापासून वाचवणारी गोष्ट दुसऱ्याच्या हाडांत कळा उठवते. याला योजना म्हणणाऱ्याने योजकाच्या दयेविषयीही बोलायला हवे.

व्हर्नन इंग्रम यांनी सिकल हिमोग्लोबिनमधला फरक प्रथिनाच्या एका लहानशा तुकड्यापुरता आहे हे दाखवणारे टिपण 'नेचर'च्या १३ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात छापले. दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना दिली. या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. चिकटवला तर तो अदृष्टवादच होईल. पण त्या दीक्षेमागच्या विचारात या आजाराच्या प्रश्नाचे उत्तर आहे. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आंबेडकर ईश्वराचा प्रश्न फिरवून मांडतात. ईश्वर आहे की नाही, त्याने जग केले की नाही, हे मुख्य प्रश्न नव्हेत; केले तर कसे केले, शून्यातून की आधीच असलेल्या कशापासून, हा खरा प्रश्न, असा त्यांचा आशय आहे. काही आधीच असेल, तर त्या 'काही'चा निर्माता ईश्वर नव्हे.

कर्माबाबत ते आणखी स्पष्ट आहेत. निसर्गात ऋतूंचा नियम आहे, बीजाचा नियम आहे. तसाच नीतीच्या जगात कर्माचा नियम आहे, अशी मांडणी ते करतात. पाली अट्ठकथांतही उतुनियाम, बीजनियाम आणि कम्मनियाम वेगळे मोजलेले आहेत. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा सिद्धांत आंबेडकरांना दोन कारणांनी अमान्य होता. मूल आईबापांचे गुण घेऊन जन्मते, असे आनुवंशिकता सांगते. मग बाहेरून येऊन बसलेले पूर्वकर्म त्यात कुठे बसवायचे? आणि गरिबांच्या, हीन ठरवलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यावरून आणि समाजावरून झटकण्यासाठी हा सिद्धांत उपयोगी पडतो. यात आंबेडकरांनी बुद्धवचनाला स्वतःचा रंग दिला, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. त्यांच्या पुनर्जन्मविषयक मांडणीबाबत तो विचारात घेण्याजोगा आहे. दुखण्याबाबत मात्र निकायांचा आधार त्यांच्या बाजूने आहे. संयुत्तनिकायातील मोळियसीवक सुत्तात बुद्ध वेदनांची आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, या तिघांचा मेळ, ऋतुबदल, अयोग्य आचरण, आघात, आणि शेवटी कर्मविपाक. सर्व वेदना पूर्वकर्मानेच होतात असे म्हणणारे चुकतात, असेही तिथे म्हटले आहे.

सिकलसेल कोणत्या नियमात येतो याची आता शंका राहत नाही. अक्षर बीजातून येते, जुळणी प्राणवायू, पाणी आणि उष्म्याच्या हिशेबाने होते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि दोन्हीपासून मुक्त राहण्याची चारात एक. हे प्रमाण साधूच्या घरी आणि चोराच्या घरी सारखेच आहे. तरीही विदर्भातल्या घरांत 'मागच्या जन्मीचे भोग', 'पोरीचं प्राक्तन' हे शब्द या आजाराला अजून चिकटतात, आणि त्यांचा भार बहुधा आईवर पडतो. वैशेषिकांचे अदृष्ट म्हणजे परमाणू हलवणारा नैतिक हिशेब. तो रेणूच्या पातळीवर शोधायला जावे तर सापडते व्हॅलिन आणि सापडते ती खाच.

स्वयंजुळणीने ईश्वर नाकारला जात नाही. अद्वैती तिला मायेत बसवेल, भक्त तिला लीला म्हणेल, आणि नैयायिक योजनेच्या अनुमानाकडे सरकेल. तिने बाद होते ते दुखण्याला शिक्षा मानणे. ज्या श्रद्धेला ईश्वर हवा आहे तिला तो ठेवता येतो. पण आजारी मुलाच्या पूर्वजन्माचा दाखला देणाऱ्या श्रद्धेला आता आधार राहिलेला नाही. उरते ते या जन्मीचे कर्म, आणि ते करणारे ओळखीचे आहेत: आईवडील, डॉक्टर, आशाताई, सरकार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल आजाराचा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समावेश केला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. विदर्भातल्या ज्या घरी पत्रिका जुळवून लग्न ठरते, तिथे पत्रिकेआधी दोघांच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.